लूमवरचं माप, टेबलावरचं माप

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी दहा. भेस्तान, विहाराची मागची खोली.

हजर: विलास, तुमचा भाऊ आणि माझे यजमान. रेखा, तुमची मुलगी, कामरेजहून पहिल्या बसने आलेली. बागुल गुरुजी, ज्यांच्याकडे वाचनालयाच्या कपाटाची किल्ली असते. शेजारपाजारचे सतरा जण. आणि मी, यादी लिहिणारी. एकूण एकवीस.

अक्का, तुमचं नाव लिहायला हात गेला होता. लिहिलं नाही. यादी हजेरीची आहे.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. गुरुवारी पुण्यानुमोदन झालं. फलकावर जन्म, गाव, शिक्षण, नोकरीची वर्षं विलासने लिहून घेतली आणि मी तपासली. एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. ते सगळं तिथे आहे, म्हणून इथे परत लिहीत नाही.

आज वंदना झाल्यावर गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पुढच्या रविवारी वीस मिनिटं कोण बोलणार?" आपला रविवारचा तास तुम्हाला सांगायला नको. एकाने उभं राहून आपल्याला माहीत असलेलं काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चहा. वक्त्यांची यादी पहिल्यापासून माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्या यादीत मी माझं नाव कधी घातलं नव्हतं. आज घातलं. विषयाच्या रकान्यात लिहिलं: अक्कांचं राहिलेलं बोलणं.

रेखाने वाकून वाचलं. "मामी, तुला जमेल?"

"थांबवलं मीच होतं ना," मी म्हटलं. "मग पुरं पण मीच करायला पाहिजे."

ती सरळ उभी राहिली. तिलाही तो दिवस आठवत असणार.

तुमचं बोलणं कुठे थांबलं ते मला नेमकं माहीत आहे. नवव्या मिनिटाला. पुढे काय होतं ते माहीत नाही, आणि ते शोधून काढायला माझ्याकडे एक आठवडा आहे. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. लिहिता लिहिता सापडेल असं वाटतंय. नाही सापडलं तर निदान कुठे कुठे पाहिलं त्याची नोंद राहील.

सुरुवात रजिस्टरपासून करते.

आपण दोघी सोळा वर्षं कापडाच्या एकाच लूम युनिटला कामाला गेलो. भेस्तानहून शेअर रिक्षा, कडोदऱ्याला उतरायचं. मी डिस्पॅचच्या टेबलावर, तुम्ही चेकिंगला. लूमवरून उतरलेला ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाचा ताका तुमच्याकडे यायचा. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय आणि तुमचा तळहात कापडावर सपाट ठेवलेला. डोळ्यांच्या आधी तुमच्या हाताला दोष कळायचा. मग रजिस्टर. रकाने छापील होते: तुटका ताणा, जाड बाणा, तेलाचा डाग, भोक आणि शेवटी "इतर". तुम्ही दर नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर "इतर" खोडायच्या आणि वर लिहायच्या, "माहीत नाही".

रजिस्टर छापून घेणारी मी. मी भांडायला यायची.

"अक्का, छापील रकाना खोडू नका. वरच्या ऑफिसात मला विचारतात."

"विचारू दे. 'इतर' म्हटलं की वाटतं, कोणालातरी माहीत आहे, फक्त लिहायला जागा नाही. हाई कोणालेच माहीत नही. मग तसं लिहावं."

तुम्हाला राग आला किंवा आनंद झाला की तुमच्या बोलण्यात घरची अहिराणी यायची. ती अहिराणी ऐकली की मी वाद सोडून माझ्या टेबलाकडे परत जायची.

आणि मग ती रिक्षा. तुमच्या एका कानात मोबाइलची तार, दुसरा कान माझ्यासाठी मोकळा. तुम्ही एकदम माझा दंड धरलात.

"मंगल, ऐक ना व! पंच्याण्णव टक्के माल 'माहीत नाही'मध्ये शे!"

मला धडकीच भरली. "कुठल्या पार्टीचा?"

"विश्वाचा!"

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. तुम्ही मात्र सुटलात. आपल्याला दिसतं ते सगळं, तारे, धूळ, वायू, तू, मी, ही रिक्षा, असं मिळून पाच टक्के. बाकीच्यातला थोडा भाग म्हणजे डार्क मॅटर, ज्याची ओढ जाणवते पण जे दिसत नाही. आणि राहिलेला मोठा भाग म्हणजे डार्क एनर्जी, जिच्यामुळे विश्व फुगायचा वेग वाढत चाललाय. दोन्हींना नावं आहेत, पण नाव म्हणजे माहिती नव्हे. "'इतर' लिहिलंय नुसतं," तुम्ही म्हणालात. "इंग्रजीत लिहिलंय म्हणून भारी वाटतं."

त्या संध्याकाळी विलास स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "घरात मीठ संपलंय ते दोघींपैकी कोणाला माहीत नाही, आणि विश्व कशाचं बनलंय ते शोधतायत."

तुम्ही मेथी निवडता निवडता म्हणालात, "मीठ कुठे मिळतं ते माहीत आहे. जा, घेऊन ये."

नणंद-भावजयीत भांडायला घरोघरी विषय असतात. आपल्यात दुसरा नव्हता असं नाही, पण टिकला हाच. मी "वस्तू"च्या बाजूची झाले, तुम्ही "नियमा"च्या. म्हणजे असं: दीर्घिकेच्या कडेचे तारे हिशेबाने हळू फिरायला पाहिजेत. दूर गेलं की ओढ कमी, वेग कमी. पण ते आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरतात. मग एक तर तिथे न दिसणारी वस्तू आहे, जिची ओढ जास्तीची लागते. नाहीतर ओढीचा नियमच तिथे वेगळा चालतो.

मी युरेनसचा दाखला द्यायची. तो वाटेवरून थोडा सरकायचा. जाणकारांनी म्हटलं, बाहेर कोणीतरी न दिसणारा ग्रह असणार. गणित मांडलं, दुर्बीण तिकडे वळवली आणि नेपच्यून सापडला. नियम ठीक होता, वस्तू बाकी होती. संपला विषय.

"संपला कसा? बुधाचं काय झालं?" तुम्ही म्हणायच्या. बुधही वाटेवरून सरकायचा. पुन्हा तीच युक्ती. म्हणे सूर्याजवळ एक न दिसलेला ग्रह असणार. त्याला नावही ठेवून झालं, काहींनी तर तो पाहिलाही. आणि तो नव्हताच. शेवटी ओढीचा नियमच नव्याने लिहावा लागला. "एकदा जिच्यावर टाळ्या मिळाल्या तीच युक्ती दुसऱ्यांदा फसली. म्हणून मी म्हणते, पहिल्या टाळ्यांवर जाऊ नको."

हे भांडण आपण किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. एकदा मी जिंकले होते. मी कुठेतरी वाचून आले होते की दोन दीर्घिका-समूहांची टक्कर झाली, दिसणारा वायू मध्येच अडकला, पण ओढ मात्र पुढे निघून गेली. "वस्तू नाही तर मग ती ओढ कोणाची?" मी विचारलं. रिक्षा उधन्याला येईपर्यंत तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होतात. मग म्हणालात, "हाई तुनं बरोबर शे." मी पदर सावरून बसते न बसते तोच पुढचं आलं, "पण प्रत्येक दीर्घिकेत दोष एकाच जागी सुरू होतो. लहान घे, मोठी घे. जिथे ओढ अमुक इतकी क्षीण होते, तिथेच. सुताचा दोष असा नसतो. सुताचा दोष कधी इथे, कधी तिथे. एकाच जागी येतो तो दोष मशीनचा."

हे तुम्ही कुठल्या पुस्तकातून काढलं नव्हतं. ते बारा नंबरच्या लूमवरून आलं होतं.

बारा नंबरच्या कापडात एक फिकी आडवी रेघ येत होती. उजेडात धरली तरच दिसायची. आधी कारीगराला बोल लागले. तो गावी गेला, दुसरा आला, तरी रेघ तशीच. मग सूत बदललं. मग म्हणाले हवा दमट आहे. तुम्ही मात्र टेप घेऊन बसलात आणि रेघांमधलं अंतर मोजलं. दर अठ्ठावन्न सेंटीमीटरला रेघ, म्हणजे कापड ओढणाऱ्या रोलरचा बरोबर एक फेरा. तीन आठवडे रोज मोजलं आणि रोज लिहिलं. मग लूम दुरुस्त करणाऱ्या मास्तरकडे गेलात.

मास्तर रजिस्टर न बघताच म्हणाला, "अक्काबेन, आ तो यार्ननो फॉल्ट छे."

"मास्तर, सुताच्या हातात टेप कोणी दिली?"

अख्खं चेकिंग हसलं. मास्तर हसला नाही, रोलर पण खोलला नाही. पुढे दोन-अडीच महिन्यांनी बेअरिंग गेलं म्हणून रोलर बदलला गेला आणि रेघ नाहीशी झाली. मास्तर सगळ्यांना सांगत फिरला की तो पहिल्यापासून रोलरच म्हणत होता. मी रिक्षात चिडून म्हटलं, "बघा, एकाचंही मत बदललं नाही. फक्त रोलर बदलला."

तुम्ही चिडला नाहीत. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी घरी येऊन वहीत उतरवलं होतं. वही आत्ता समोर आहे.

"असंच होतं, मंगल. वर आकाशवाल्यांचंही असंच. आधी कारीगराला शिव्या, मग सुताला, मग हवेला. मशीनवर संशय सगळ्यात शेवटी. आणि ते चूक नाही. रोज कोणीतरी उठून मशीन खोलायला लागलं तर कापड विणायचं कधी? पण ज्याला रेघ दिसली त्याने अंतर मोजून ठेवलं पाहिजे. रोलर बदलेल तेव्हा बदलेल. मोजून ठेवलं नसेल तर काय गेलं तेही कळणार नाही."

विज्ञानात उलथापालथ कशी होते यावर मी नंतर बरंच वाचलं. मोठी पुस्तकं आहेत, गुरुजींच्या कपाटातही दोन आहेत. पण मला कोणी विचारलं तर मी अजून बारा नंबरच सांगते.

आता तो ऑक्टोबरातला रविवार.

तुम्ही निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. माझ्या यादीत तुमचा विषय असा होता: विश्व किती वेगाने फुगतंय. तुम्ही पांढरी साडी नेसून, हातात कागद न घेता उभ्या राहिलात. छान सुरू केलंत. वेग मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. एक जण जवळच्या ताऱ्यांपासून पायरी पायरीने लांब मोजत जातो. त्याला आकडा मिळतो त्र्याहत्तरच्या आसपास. दुसरा सगळ्यात जुना उजेड घेतो, विश्व अगदी लहान असतानाचा, आणि तिथून गणिताने आजपर्यंत येतो. त्याला मिळतो सदुसष्टच्या आसपास. मागून कोणीतरी विचारलं, "अक्का, त्र्याहत्तर काय? किलोमीटर?" तुम्ही म्हणालात, "एकक राहू दे. ताका मीटरमध्ये मोज नाहीतर वारात, फरक पडला तो पडला." लोक ऐकत होते. गुरुजींनी चष्मा काढून हातात घेतला होता, ते नीट ऐकतात तेव्हा घेतात तसा.

मग तुम्ही म्हणालात, "दोघं हुशार, दोघांनी दहादा तपासलं, तरी जुळत नाही. या भानगडीला शास्त्रज्ञ म्हणतात टेन्शन. आता टेन्शन म्हणजे काय ते आपल्या सुरतवाल्यांना कोणी शिकवायला नको. लूमवर ताणा, उभं सूत, ताणून बसवलेला असतो..."

आणि मी उठले.

"अक्का, एक मिनिट. तिथे टेन्शन म्हणजे तो ताण नाही. दोन आकडे जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. लूमशी संबंध नाही."

मी त्याच सकाळी मोबाइलवर वाचलं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "अक्का, टेन्शन नका घेऊ!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी घड्याळ पाहिलं आणि तुम्ही म्हणालात, "बरं. झालं माझं." आणि बसलात.

वेळेच्या रकान्यात मी लिहिलं: नऊ. तुमच्यानंतरच्या रविवारी बोलणाऱ्यांनी ऑनलाइन फॉर्म कसा भरायचा ते सव्वीस मिनिटं सांगितलं. त्यांना मी थांबवलं नाही. हेही रकान्यात आहे.

अक्का, मी शब्दाच्या बाबतीत बरोबर होते. हे मला आधी सांगून टाकायचं आहे, कारण मी चूक होते असं म्हणून रडणं सोपं जाईल आणि ते खरं नाही. तिकडच्या भाषेत टेन्शन म्हणजे मतभेद, विसंगती. ज्या शब्दाला आपल्या शेडमध्ये दिवसातून शंभरदा हाक मारतात तो शब्द आकाशात भेटला आणि तुम्हाला वाटलं, ओळखीचा माणूस आहे. आपल्यातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

पण मी उठले ते शब्दासाठी नव्हे. चेकिंगची बाई आणि डिस्पॅचची बाई विश्वाच्या गोष्टी करतात याला लोक कधी ना कधी हसणार, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. ते हसायच्या आत आपल्या घरातल्या कोणीतरी बरोबर बोलून दाखवावं, एवढंच मला वाटलं. मी विज्ञानाची बाजू घेतली नव्हती, मी इज्जतीची घेतली. आणि लोक तर हसलेच.

डिसेंबरात मी तुमचं नाव पुन्हा यादीत घातलं. तुम्ही म्हणालात, "माझं राहू दे. दुसऱ्या कोणाला दे." तुमचा आवाज साधा होता. रुसवा असता तर मी समजूत घातली असती. साध्या आवाजाचं काय करायचं ते मला कळलं नाही.

मग दवाखाना. त्या बुधवारी मी खिचडीचा डबा घेऊन आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि आपणहून म्हणालात, "शब्दाला तू बरोबर होतीस. मी नंतर पाहिलं."

मी डबा खाली ठेवला. "मग पुढे काय म्हणणार होतात?"

"म्हणणार होते... आधी तो पडदा ओढ. ऊन डोळ्यावर येतंय."

मी पडदा ओढला. तेवढ्यात डॉक्टर आले. माझ्याकडे त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी होती, सात प्रश्नांची. मी सातही विचारले, उत्तरं लिहून घेतली. ते गेले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. मला वाटलं, उद्या विचारू. गुरुवारी रेखा होती. शुक्रवारी तुम्ही गेलात.

त्या सात उत्तरांपैकी एकाचाही आता उपयोग नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. युनिटमध्ये, जेवणाच्या सुट्टीत.

दोन दिवस मी कामाला लागले. दोन गोष्टी केल्या. एक, त्या विसंगतीबद्दल जेवढं समजेल तेवढं वाचलं. दोन, शेडमध्ये टेन्शन या शब्दावर तुम्ही मला आजवर काय काय सांगितलं ते आठवून लिहिलं.

दुसरं सोपं निघालं. लूमचा काउंटर म्हणतो शंभर मीटर. तोच ताका उतरवून टेबलावर घातला की भरतो अठ्ठ्याण्णव. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात हा तंटा होणारच. लूमवाला म्हणतो, टेबलावरच्या फोल्डिंगवाल्यांनी कमी मोजलं. फोल्डिंगवाला म्हणतो, काउंटर बिघडलाय. आणि दर वेळी तुम्ही दोघांच्या मध्ये उभ्या राहून तेच सांगायच्या: "काउंटर पण खरा, टेबल पण खरं. तो मोजतो तेव्हा कापड ताणलेलं असतं, तू मोजतोस तेव्हा सैल पडलेलं. मधल्या वेळात कापड बदललं. आणि एका झटक्यात नाही बदलत. उतरवल्यावरही दिवसभर आखडत राहतं."

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं, कारण तुमचं दहावं मिनिट माझ्यासमोर होतं. लोक विचारत होते, त्र्याहत्तरवाला चुकला की सदुसष्टवाला? तुम्ही विचारणार होतात, मधल्या वेळात काय झालं?

मग पहिलं काम, वाचन. मी ज्या पानांवरून शब्दाचा अर्थ घेतला होता तीच पानं पुढे वाचली. त्या दिवशी सकाळी मी अर्थ मिळाल्यावर थांबले होते. पुढे लिहिलं होतं की यावर जाणकारांचे दोन गट आहेत. काही म्हणतात, कोणाच्या तरी मोजमापात न सापडलेली चूक असणार. काही म्हणतात, दोन्ही मापं खरी असतील आणि विश्वाच्या लहानपणापासून आजपर्यंतच्या वाटेत असं काहीतरी घडलं असेल जे आपल्या गणितात नाही. कोणाचं खरं ते अजून ठरलेलं नाही.

तुम्ही चुकीच्या शब्दाचा हात धरून चालत गेलात आणि बरोबर दारापाशी पोचलात. आत काय आहे ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही नाही. म्हणून तुम्ही जिंकलात असं मी रविवारी सांगणार नाही. "अक्का शास्त्रज्ञच होत्या" असं गुरुवारी कोणीतरी म्हणालं, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसलं. तुम्ही चेकर होतात. दोष दिसला की त्याचं अंतर मोजणाऱ्या. मी तेवढंच सांगेन.

आणि डार्क मॅटरच्या भांडणात मी अजून वस्तूच्याच बाजूला आहे. तुम्ही गेलात म्हणून नियमाच्या बाजूला येणार नाही. मेलेल्या माणसाला कोणी भांडण बहाल करायला लागलं की तो खरंच गेला असं होतं. "इतर" लिहिणंही मी सोडलेलं नाही. बाजाराच्या यादीत "माहीत नाही" लिहून विलासने काय आणायचं?

पण एक सांगायचं राहून गेलं. माझ्या सासरच्या पहिल्या वर्षी, मला इथलं काही कळत नसताना, तुम्ही मला स्वयंपाक शिकवला नाहीत, रीत शिकवली नाहीत. तुम्ही एक कोरी वही दिलीत आणि म्हणालात, "जे कळत नाही ते लिहून ठेव. कळलं की खोडायचं." माझ्या सगळ्या याद्या तिथून सुरू झाल्या. लोक मला हुशार म्हणतात, टापटिपीची म्हणतात. ती न कळलेल्या गोष्टींची यादी होती हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही थँक यू म्हटलं नाही. भावजयी नणंदांना असं म्हणतात का, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारचं पहिलं वाक्य ठरलं आहे: "ऑक्टोबरात अक्का बोलत असताना मी त्यांना मध्येच थांबवलं." हे सगळ्यांसमोर म्हणायचं, तुमचा विषय नंतर. रेखाला फोनवर वाचून दाखवलं. तिने ते परत वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "मामी, तेव्हा आई घरी येऊन काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मंगलने वाचून आणलं होतं ग, मी नव्हतं वाचलं." आणि फोनवरच हसली. तुमच्यासारखं, आधी श्वास घेऊन. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

नुसतं सांगून मात्र लोकांना पटणार नाही. गेल्या वेळी तुमच्याकडे फक्त बोलणं होतं, म्हणून एका शब्दावर ते अडकलं. मी आज सकाळी सात नंबरच्या लूमवर गेले. कारीगर या लूमवर नवा आहे, ओडिशाचा, पण युनिटमध्ये तुमच्या वेळेपासून, म्हणून तुम्हाला ओळखत होता.

"बेन, लूम बंद करूँ?"

"बंद करो, लेकिन ढीला मत करना. मुझे कपड़ा तना हुआ चाहिए."

"चेकिंग है क्या?"

"अक्काबेन का काम है," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्याने लूम थांबवली, हात पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं. धागे ठोकणाऱ्या फणीच्या पुढ्यात अर्धा मीटरच मोकळं कापड दिसतं, म्हणून अर्ध्या मीटरवर निळ्या खडूने दोन रेघा मारल्या. मी टेप लावली तर तो म्हणतो, "बेन, बीच में झूल रहा है. अक्काबेन देखती तो डाँटती." मी परत मोजलं. मग त्यानेही परत मोजलं. बरोबर पन्नास सेंटीमीटर. तारीख, वेळ, लूम नंबर लिहिला आणि खाली दोघांनी सही केली.

हा ताका गुरुवारी उतरेल. उतरल्याबरोबर त्या दोन निळ्या रेघांमधलं अंतर मोजायचं, मग कापड टेबलावर मोकळं पसरून ठेवायचं आणि शनिवारी परत मोजायचं. रविवारी तो तुकडा विहारात न्यायचा आणि लोकांच्या हातात द्यायचा. मास्तरकडून तुकडा कापायची परवानगी घेतली आहे. गुरुवारी अकरा ते बारा डिस्पॅचला माझ्या जागी कोण बसणार ते ठरवलं आहे. गुरुजींना मोठी पट्टी आणायला सांगितलं आहे.

लूम पुन्हा चालू झाली आणि रेघा रोलरखाली गेल्या. दुसरं माप अजून घ्यायचं आहे.